वरून नव्हे, टेलिफोनवरून

परवा रात्री आत्यानं घरच्या ग्रुपवर ढकललेला मेसेज : ‘हॉटेल कॅलिफोर्निया हे सैतानाच्या चर्चचं गाणं आहे. त्यातलं १९६९ हे चर्चच्या स्थापनेचं साल. कव्हरवर सज्जात त्यांचा धर्मगुरू उभा आहे. चाल एका रात्रीत ‘वरून’ उतरली.’ खाली आमच्या चिरंजीवांसाठी खास सूचना, हे गिटारवर वाजवणं बंद कर. पोराच्या बोटांना घट्टे पडलेत हो!

गाणं ईगल्स या अमेरिकी बँडचं. साल आधी उरकतो. अँटन लव्हेनं ते चर्च सॅन फ्रान्सिस्कोत काढलं १९६६ मध्ये. त्याचं ‘सैतानी बायबल’ १९६९ चं, एवढं मान्य. पण गाण्यात हे साल येतं ते पाहुणा वाइन मागतो तेव्हा, साठीच्या दशकातला जोश ओसरल्याचा टोमणा म्हणून.

रेकॉर्डच्या कव्हरवर बेव्हर्ली हिल्स हॉटेल आहे. सज्जातली धूसर आकृती आतल्या फोटोत. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्यानं कव्हर उघडूनही पाहिलेलं नाही.

आता ते ‘वरून’. चाल बँडचा गिटारवादक डॉन फेल्डरची. मालिबूत समुद्रकाठी भाड्याच्या घरात बसून बारा तारांच्या गिटारवर बांधलेली, घरच्याच चार ट्रॅकच्या टेपवर उतरवलेली. गाण्याला नावही नव्हतं. बँडमध्ये ‘मेक्सिकन रेगे’ म्हणायचे. पट्टी गायक डॉन हेन्लीच्या गळ्याला झेपेना, म्हणून ती बदलली. पुढे १९७६ मध्ये मायामीच्या स्टुडिओत शेवटचा सोलो वाजवायची वेळ आली आणि फेल्डर नवीनच काहीतरी वाजवायला लागला. हेन्लीनं थांबवलं : कॅसेटवर आहे तस्संच पाहिजे. कॅसेट कुठे? मालिबूत. मग मालिबूला फोन, घरकाम करणाऱ्या बाईंनी कॅसेट शोधून लावली, रिसीव्हर स्पीकरजवळ धरला आणि इकडे फेल्डर आपलीच चाल पुन्हा शिकला. हे मी नाही, फेल्डर स्वतः मुलाखतींतून सांगत आलाय. वर निर्माता बिल शिमझिक म्हणतो, मास्टर टेपला ३३ ठिकाणी कापून जोड दिले होते. सैतानाला ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन बसावं लागत असेल, तर त्याची कीव करा.

आत्या, पोरगं आत्ता गिटारच्या सातव्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून बसलंय. दुसरी कॉर्ड अजून खरखरतेय. त्यावर उपाय सांगणारा मेसेज आला, तर जरूर ढकल.