जबड्याचा ‘कट्ट’ आवाज आणि दातांवर चाललेली कानस

गेल्या काही आठवड्यांत जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर फिरतो आहे आणि तो छापून घेऊन माझ्याकडे येणारे रुग्णही वाढले आहेत. मजकुराचा गोषवारा असा : जबड्यातून ‘कट्ट’ आवाज येणे ही दातांची बैठक, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकण्याची ठेवण, बिघडल्याची खूण आहे, उंच दात कानसून सारखे करून घ्यावेत, जरूर तर तारा लावाव्यात, अक्कलदाढा काढाव्यात, रात्री गार्ड (दातांवर बसवायची प्लास्टिकची खोळ) घातला की आजार मुळापासून जातो, आणि यातले काही केले नाही, तर जबड्याचा सांधा झिजून तोंड कायमचे बंद होते. तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवणारी व्यक्ती या नात्याने मी याचे उत्तर देत आहे, कारण यातला एकेक सल्ला दाताच्या डॉक्टरच्या फायद्याचा असला, तरी रुग्णाच्या फायद्याचा असेलच असे नाही.

प्रथम आवाजाविषयी. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले, की बोटाखाली हाडाचा गोळा सरकताना जाणवतो. तो खालच्या जबड्याचा माथा. तोंड उघडताना तो आधी जागच्या जागी फिरतो आणि मग पुढे घसरतो. कवटीची खोबण आणि हा माथा यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. ती थोडी पुढे सरकलेली असली, तर माथा तिच्या कडेवरून घसरून पुन्हा तिच्याखाली बसतो आणि त्या क्षणी आवाज होतो. असा आवाज कसलीही तक्रार नसलेल्या पुष्कळ माणसांत आढळतो. दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल आणि मध्येच अडकत नसेल, तर त्या आवाजावर उपचार करण्याची गरज नसते.

आता कानशीविषयी, कारण सर्वांत मोठे नुकसान इथे होते. दातांच्या बैठकीवर जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याचे खापर फोडण्याची परंपरा जुनी आहे. 1934 मध्ये जेम्स कॉस्टेन या अमेरिकेतील कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी अवघ्या अकरा रुग्णांच्या आधारे असे मांडले, की मागच्या दाढा गेल्याने जबडा जास्त मिटतो, सांध्यावर दाब येतो आणि त्यातून कानाची व डोक्याची दुखणी उद्भवतात. त्यांनी सांगितलेली कारणमीमांसा पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी खोडून काढली. पण तोवर ती कल्पना दातांच्या दवाखान्यांत चांगलीच मुरली होती. आज मात्र अमेरिकेची राष्ट्रीय दंतसंशोधन संस्था रुग्णांना स्पष्ट सांगते, की ज्या उपचारांनी दात, चावा किंवा सांधा कायमचा बदलतो, ते टाळावेत.

हे कागदावर वाचणे निराळे आणि खुर्चीत बसलेल्या माणसात पाहणे निराळे. यावल तालुक्यातली एक शिक्षिका माझ्याकडे आली, तेव्हा दुसऱ्या एका शहरात तिच्या चार दाढा ‘उंच’ ठरवून कानसून झाल्या होत्या. आवाज तसाच होता. वर थंड पाण्याची कळ सुरू झाली होती. “मॅडम, माझे दातच मला सापडत नाहीत,” असे ती म्हणाली. मी दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळा कागद चावायला दिला, तर ठिपके पुढच्या दातांवर उमटले आणि दाढा कोऱ्या राहिल्या. दाताचे वरचे कवच एकदा घासले गेले, की पुन्हा येत नाही. याला एक अपवाद मी मान्य करते : नवे सिमेंट किंवा कॅप बसवल्यापासूनच चावताना टोचू लागले असेल, तर तेवढे सिमेंट किंवा कॅप कमी करणे योग्यच, पण तो त्या एका दाताचा उपचार झाला, सांध्याचा नव्हे.

तारा आणि अक्कलदाढा यांबद्दल फार लिहावे लागत नाही. वाकडे दात सरळ करण्यासाठी तारा जरूर लावाव्यात. त्यांच्यामुळे सांध्याचे दुखणे होतही नाही आणि बरेही होत नाही. अक्कलदाढ किडलेली, सुजलेली किंवा अडकून त्रास देणारी असेल, तर काढावी.

गार्डचे तसे नाही. त्यात थोडे तथ्य आहे. झोपेत दात खाणाऱ्याचे दात त्याने झिजण्यापासून वाचतात आणि काहींना सकाळचा ठणका कमी वाटतो. पण ‘मुळापासून’ हा शब्द साफ चुकीचा आहे. जुनाट दुखण्यासाठी 2023 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शक शिफारशींत जबड्याचे व्यायाम, फिजिओथेरपी आणि वेदनेशी जुळवून घेण्याचे मानसोपचार यांना ठळक पाठिंबा आहे. काढता-घालता येणाऱ्या गार्डविषयी मात्र नकाराकडे झुकणारे मत आहे. शिवाय मोजक्याच दातांवर बसणारा गार्ड दिवसरात्र घातला, तर उरलेले दात सरकून चावा खरोखरच बिघडू शकतो.

शेवटचा मुद्दा तोंड कायमचे बंद होण्याचा, आणि खान्देशात तो मला सर्वांत घातक वाटतो. चकती अडकून तोंड एकाएकी कमी उघडू लागणे शक्य आहे, पण तेही बहुतेकदा व्यायामाने हळूहळू सैल होते. आमच्याकडे महिनोन् महिने कणाकणाने मिटत गेलेले तोंड दिसते, ते बहुतांशी सुपारी आणि गुटख्यामुळे. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या थांबलेल्या नाहीत. अशा रुग्णाची पहिली तक्रार दुखण्याची नसते. “शेवभाजी तोंडाला झोंबते, ठेचा तर लावताच येत नाही,” असे तो सांगतो. गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ लागते, आणि एकावर एक धरलेली स्वतःची तीन बोटे समोरच्या दातांमध्ये जात नाहीत. या आजारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. असा माणूस हा मजकूर वाचून सांध्यासाठी गार्ड करून घेत बसला, तर मोलाचे महिने वाया जातात.

मग खऱ्या सांध्याच्या दुखण्यात करायचे काय? दोन-तीन आठवडे ऊस, फुटाणे आणि भाजलेली कणसे बंद. कळण्याची भाकरी सोडायची गरज नाही, ती आमटीत कुस्करावी. बट्टी वरणात पूर्ण भिजू द्यावी. केळ्यांची तर आपल्याकडे ददात नाही. कानशिलावर आणि गालावर दिवसातून दोन-तीनदा कोमट शेक द्यावा. जांभई आली, की हनुवटीखाली मूठ धरावी. एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे ठेवावेत, कारण खाण्या-गिळण्याखेरीज दातांनी एकमेकांना टेकण्याचे काहीच कारण नसते. त्या शिक्षिकेला फळ्यावर लिहिताना दात आवळायची सवय होती. तिने खडूच्या डबीवर लाल ठिपका काढला आणि तो दिसला की जबडा सैल सोडू लागली. दीड-दोन महिन्यांत दुखणे गेले, आवाज अजून येतो. कानसलेल्या दोन दाढांवर मात्र मला कॅप बसवावी लागली.

एवढे करूनही दुखणे हटले नाही, तोंड उघडे राहून मिटेनासे झाले किंवा सूज आणि ताप आला, तर तपासून घ्यावे. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येत असेल आणि कानशील हात लावताच दुखत असेल, तर रक्तवाहिनीची सूज असू शकते. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असल्याने त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आणि चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखून थांबल्यावर शमत असेल, किंवा दुखण्यासोबत छातीत दाटून घाम येत असेल, तर दातांच्या दवाखान्यात न येता सरळ मोठ्या रुग्णालयात जाऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा.