अमेरिकेचा दाखला देणाऱ्या दादाला

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना महिना ५ हजार रुपये मानधन देतं, ते बंद करा, असं नाशिकच्या आतेभावाचं म्हणणं. त्याचा दाखला ठरलेला: "अमेरिकेत बघ. ब्लूज-जॅझवाल्यांनी कधी सरकारपुढे हात पसरला? कला विकली, जग जिंकलं."

दादा, त्या अमेरिकेत मी राहतो. टॅक्सही भरतो.

गायिका रूथ ब्राऊनचं बघ. १९५० च्या दशकात तिच्या रेकॉर्डी इतक्या खपल्या, की अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीला लोक 'रूथनं बांधलेलं घर' म्हणत. पण रेकॉर्डिंगचा खर्च गाणाऱ्याच्याच नावावर मांडायचा, हा धंद्याचा रिवाज. रेकॉर्ड कितीही खपो, गाणारी आपली देणेकरीच. पुढे याच बाईनं लाँग आयलंडवर लोकांच्या घरची कामं केली, बस चालवली. वकील गाठून वर्षानुवर्षं भांडली, तेव्हा कुठे १९८८ मध्ये कंपनीनं नमतं घेतलं. तिच्यासारख्या जुन्या गायकांसाठी ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं. बाजारानं आपण होऊन काहीही दिलेलं नाही.

जॅझ गायिका बिली हॉलिडेला तर कमावूही दिलं नाही. १९४७ मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यात झालेल्या शिक्षेनंतर न्यूयॉर्कच्या क्लबांत गायला लागणारं पोलिसांचं कार्डच तिला मिळेना. १९५९ मध्ये ती गेली तेव्हा बँकेतल्या खात्यात होते ७० सेंट. ब्लूज गायिका बेसी स्मिथ १९३७ मध्ये गेली. तिच्या कबरीवर नावाचा दगड लागला १९७० मध्ये, तोही रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन आणि आणखी एका बाईनं पदरचे पैसे घातले म्हणून. आणि आजही इथल्या एफएमवर गाणं वाजलं, तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला छदाम नाही.

सरकार देत नाही, हेही खोटं. १९८२ पासून नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स ही इथली सरकारी संस्था जॅझच्या ज्येष्ठांना सन्मानवृत्ती देते. फक्त ती मोजक्यांना मिळते, आणि एकदाच.

जॅझचा ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी १९९३ मध्ये आमच्या न्यू जर्सीतल्या एंगलवूडच्या हॉस्पिटलात वारला. विमा नसलेल्या वादकांवर इथं फुकट उपचार व्हावेत, ही त्याची इच्छा, आणि हॉस्पिटलनं ती पाळली. मला त्याचा अभिमान वाटतो. आपल्याकडे एखाद्या मोठ्या खासगी हॉस्पिटलनं ढोलकीवाल्यांसाठी असं काही करून दाखवावं. पण डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधीचा खर्च, खिशातून भरणाऱ्या माणसाला एवढं कळतं, की त्या वादकांना आधी पेन्शन आणि विमा असता, तर मरणाऱ्या डिझीला शब्द टाकावा लागला नसता.

यावर दादाचं उत्तर: "तिकडे बसून बोलणं सोपं असतं." ते मला लागलं. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, तरी २००२ मध्ये त्या गेल्या त्या हलाखीतच. हे इथे बसून मला विसरता येत नाही. एफएमवर गाणाऱ्यालाही पैसे मिळावेत अशा कायद्यासाठी मी माझ्या काँग्रेसमनला, म्हणजे इथल्या खासदाराला, दोन ओळी लिहिलेल्या नाहीत, नागरिक असूनही. आणि तुझ्या मेसेजला मात्र रात्री दोनला उत्तर लिहीत बसतो. इथला अन्याय मला कळतो, पण तिथला सहन होत नाही. ग्रुपमधून काढलंस तरी होणार नाही. मानधन बंद करायचं म्हणत असशील, तर कारण महाराष्ट्रातलं दे. रूथ ब्राऊनचं नाव त्यात ओढू नकोस.