युरोपातल्या टेलिकॉमचा डिव्हिडंड म्हणजे एफडीचं व्याज नव्हे

जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: युरोपातल्या टेलिकॉम कंपन्यांचे शेअर घ्या, सात-आठ टक्के डिव्हिडंड (कंपनी भागधारकांना वाटते तो लाभांश) मिळतो, म्हणजे एफडीच समजा. सरकार पाठीशी आहे, त्यामुळे पैसे बुडत नाहीत. फाइव्ह-जीमुळे कमाई वाढणारच. कंपन्यांची मर्जर होऊन भाव दुप्पट होतील. आणि वर टॅक्सही नाही.

डुसेलडॉर्फला राहणाऱ्या माझ्या आतेभावाने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "घराच्या डाउन पेमेंटचे साठवलेत, ते वर्षभर यात टाकू का?" नको, अजिबात नको. घरासाठी पोटाला चिमटा काढून साठवलेल्या पैशांबद्दल असं बेधडक लिहिणाऱ्यांचा मला राग येतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात घातक वाक्य पहिलंच आहे. एफडीचं व्याज बँकेला द्यावंच लागतं. डिव्हिडंड मात्र दरवर्षी संचालक मंडळ सुचवतं, आणि त्याच मंडळाला तो कापताही येतो. या धंद्यात तो वारंवार कापला गेलाय. व्होडाफोनने मे २०१९मध्ये १५ युरो सेंटचा डिव्हिडंड ९वर आणला. मार्च २०२४मध्ये ९चे साडेचार करणार असं जाहीर केलं. म्हणजे पहिल्या रकमेतले जेमतेम तीस टक्के उरले. स्पेनच्या टेलिफोनिकाने २०१२मध्ये डिव्हिडंड थांबवला, पुढे सुरू केला, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये सांगितलं की २०२६साठी ३० सेंटऐवजी १५च देऊ. त्या दिवशी शेअर दहा टक्क्यांहून जास्त आपटला. ब्रिटनच्या बीटीने मे २०२०मध्ये डिव्हिडंड बंद केला. नेदरलँड्सच्या केपीएनने तर डिव्हिडंड थांबवून २०१३मध्ये भागधारकांकडूनच तीन अब्ज युरो उभे केले. आपल्या ठेवीदारांकडे बँक कधी अशी झोळी घेऊन येते का?

मग ते सात-आठ टक्के येतात कुठून? समजा शेअर १० युरोचा आहे आणि डिव्हिडंड ५० सेंट. झाले पाच टक्के. आता बाजाराला कुणकुण लागते की हा डिव्हिडंड टिकणार नाही, आणि भाव ६ युरोवर येतो. मागच्या वर्षीचे तेच ५० सेंट आता आठ टक्क्यांहून जास्त दिसतात. मेसेज लिहिणारा नेमका हाच आकडा उचलतो. पुढच्या तिमाहीत कंपनी डिव्हिडंड निम्मा करते. ६ युरोला घेणाऱ्याला चार टक्के सुटतात आणि भाव आणखी घसरला तर मुद्दलही जातं. त्याच बाजारात बाकीच्या कंपन्या तीन-चार टक्के देत असताना एखादी आठ देताना दिसली, की आधी शंका घ्यायची.

"सरकार पाठीशी आहे." हे जर्मनीत राहून लिहिणं म्हणजे कमाल आहे. तिथल्या कुठल्याही साठीच्या शेजाऱ्याला डॉइच टेलिकॉम या पूर्वीच्या सरकारी कंपनीच्या शेअरबद्दल विचारा. नोव्हेंबर १९९६मध्ये २८.५० मार्कांना (मार्क हे युरोच्या आधीचं जर्मन चलन) तो विकला गेला, जनतेचा शेअर म्हणून. मानफ्रेड क्रूग हा लोकप्रिय नट त्याची जाहिरात करत होता. ज्यांनी आयुष्यात कधी शेअर घेतला नव्हता त्यांनी तो घेतला. मार्च २०००मध्ये भाव शंभर युरोच्या वर गेला. त्याच जूनमध्ये सरकारी बँकेने आपल्याकडचे शेअर ६६.५० युरोला विकले, आणि २००२मध्ये भाव दहा युरोच्या खाली होता. हजारो छोट्या गुंतवणूकदारांनी दावे लावले. ते इतके होते की २००५मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, आणि तडजोड व्हायला २०२१ उजाडलं. क्रूगने पुढे लोकांची माफी मागितली. सरकार तेव्हाही मोठा भागधारक होतं, आजही आहे. पंचवीस वर्षांनंतरही शेअर त्या ६६.५०च्या जवळपास फिरकलेला नाही.

उलट सरकारच या कंपन्यांकडून घेत आलंय. २०००च्या थ्री-जी स्पेक्ट्रमच्या (मोबाइल लहरी वापरायच्या हक्काच्या) लिलावात जर्मनीने सुमारे ५० अब्ज युरो वसूल केले, ब्रिटनने साडेबावीस अब्ज पौंड. २०१९च्या फाइव्ह-जी लिलावात जर्मनीला आणखी साडेसहा अब्ज मिळाले. फाइव्ह-जीच्या मुद्द्यावर यापुढे बोलण्यासारखं फार नाही: स्पेक्ट्रम घेतला, टॉवर बदलले, पण त्यासाठी ग्राहक जादा पैसे मोजायला तयार नाही.

तो का मोजत नाही, याचं उत्तर मर्जरच्या मुद्द्यात आहे, आणि तिथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे हे कबूल करतो. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्राघी यांचा सप्टेंबर २०२४चा युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरचा अहवाल सांगतो की युरोपीय संघात मोबाइल नेटवर्क चालवणारे ३४ समूह आहेत, अमेरिकेत तीन आणि चीनमध्ये चार. एवढे खेळाडू असले की कुणीतरी दर पाडतोच. फ्रान्समध्ये जानेवारी २०१२ला फ्री नावाच्या कंपनीने दोन युरोंचा प्लॅन आणला, तेव्हा बाकीच्यांचं जे झालं ते आपण २०१६मध्ये जिओ आल्यावर पाहिलं. फरक एवढाच, की भारतात नंतर मोजक्याच कंपन्या उरल्या आणि दर चढले. युरोपात तसं सहजासहजी होऊ दिलं जात नाही. ब्रिटनमधलं थ्री आणि ओटू या मोबाइल कंपन्यांचं मर्जर ब्रसेल्सच्या युरोपीय आयोगाने २०१६मध्ये अडवलं. स्पेनमध्ये ऑरेंज आणि मासमोबिलला २०२४मध्ये परवानगी मिळाली, पण डिजी या स्वस्त कंपनीला स्पेक्ट्रम देण्याच्या अटीवर. ब्रिटनमध्ये व्होडाफोन आणि थ्री एकत्र आले ते नेटवर्कवर ११ अब्ज पौंड खर्च करायचं बांधून घेऊन. द्राघींनी नियम सैल करायला सुचवलंय. ती शिफारस आहे, कायदा नव्हे.

आणखी एक मान्य करतो. २०२५मध्ये ऑरेंज, टेलिकॉम इटालिया, बीटी यांचे शेअर चांगले वाढले. फायबर टाकण्याचा सगळ्यात जड खर्च काही कंपन्यांचा उरकत आलाय, हातात रोकड राहू लागलीय. सुनील मित्तल यांच्या भारती समूहाने २०२४मध्ये बीटीतला साडेचोवीस टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं, ते काही उगाच नाही. पण मित्तल यांना पुढच्या वर्षी त्या पैशांतून फ्लॅट घ्यायचा नाहीये. आणि २०२५मध्येच फ्रान्सच्या आल्टिस या टेलिकॉम कंपनीने सुमारे २४ अब्ज युरोंचं कर्ज झेपेना म्हणून धनकोंना ४५ टक्के मालकी देऊ केली.

टॅक्सचा मुद्दा अर्धवट ऐकून लिहिलाय. डॉइच टेलिकॉम कित्येक वर्षं डिव्हिडंड नफ्यातून नव्हे तर भांडवली खात्यातून देते, म्हणून जर्मनीत तो हाती येताना कर कापला जात नाही. पण तेवढी रक्कम खरेदी किमतीतून वजा होते आणि शेअर विकताना नफ्यात धरली जाते. कर फक्त पुढे ढकलला जातो. व्होडाफोनला किंवा टेलिफोनिकाला हे लागू नाही. भारतात राहणाऱ्याने तर परदेशी डिव्हिडंड आपल्या स्लॅबप्रमाणेच करपात्र धरावा.

आतेभावाला मी एवढंच लिहिलं: घराचे पैसे बँकेतच ठेव, तिथे एका बँकेत एका माणसाच्या एक लाख युरोंपर्यंतच्या ठेवीला कायद्याने हमी आहे. टेलिकॉमचे शेअर घ्यायचेच असतील तर दहा वर्षं न लागणाऱ्या पैशांतून घे. आणि त्याआधी कंपनीच्या वार्षिक अहवालात बघ, की स्पेक्ट्रम, टॉवरचं भाडं आणि व्याज भागवून उरलेल्या रोकडीतून डिव्हिडंड निघतो का, की त्यासाठी कर्ज काढलं जातंय.