बेने इस्राएल एका रात्रीत गेले नाहीत आणि संपलेही नाहीत

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरत येतो. भारतातले ज्यू म्हणजे ससूनसारखे गडगंज व्यापारी, 1948 साली इस्राएल झालं आणि सगळे एका रात्रीत निघून गेले, तिथे त्यांचं पायघड्या घालून स्वागत झालं, आता इथे रिकामी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, तेवढी उरलीत. माझं बालपण अलिबागेत गेलं. तिथली इस्राएल आळी, म्हणजे बेने इस्राएल या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची वस्ती, आम्हाला रोजची. म्हणून हा मजकूर वाचून गप्प बसवत नाही.

आधी श्रीमंतीचं. डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आले 1832 साली. त्याआधी 36 वर्षं, 1796 मध्ये, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं होतं. दिवेकर बेने इस्राएल, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले, आणि आडनाव अस्सल कोकणी. किहीमचे ते केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. गावोगाव बेने इस्राएलांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळायचा म्हणून त्या दिवशी घाणा बंद. सोमवारी घाणा न जुंपणारे ते सोमवार तेली, तसे हे शनवार तेली. पुढे शहरात आले ते रेल्वेत, टपालात, कस्टम्समध्ये कारकून झाले, शाळेत मास्तर झाले, इस्पितळात नर्स झाल्या. भारतातल्या ज्यूंमध्ये सगळ्यात मोठा समाज हाच. ससूनसारखे बगदादी ज्यू संख्येने थोडे, पण त्यांचं पुण्याचं लाल देऊळ हे सिनेगॉग किंवा मुंबईचं ससून डॉक डोळ्यांत भरतं, घाणा भरत नाही.

‘एका रात्रीत गेले’ हे तर जनगणनेचे आकडे उघडले की लगेच खोटं पडतं. 1951 मध्ये, म्हणजे इस्राएल होऊन तीन वर्षं झाल्यावर, भारतात सुमारे 26 हजार ज्यू होते. 1961 मध्ये साडेअठरा हजारांच्या आसपास. खरी घसरण त्यानंतरची, कारण 1971 मध्ये आकडा सहा हजारांच्याही खाली आला. म्हणजे घरं वीस वर्षं हळूहळू रिकामी होत होती. आधी थोरला मुलगा जायचा, मग बहीण, मग आईवडील. त्यांना इथून कुणी हाकललं नाही. धर्माची ओढ होती, इंग्रजांबरोबर सरकारी नोकऱ्यांचा भरवसा गेला होता, आणि अर्धं घर तिकडे गेल्यावर उरलेल्या अर्ध्याचं मन इथे रमत नव्हतं.

पायघड्यांची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच काही कुटुंबं तिथल्या वागणुकीला कंटाळून तेल अवीवमध्ये धरण्याला बसली आणि परत भारतात आली. मग 1962 मध्ये तिथल्या मुख्य राब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, पीठाने फर्मान काढलं : बेने इस्राएल मुलामुलीचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागची वंशावळ तपासा. कल्पना करा, शेकडो वर्षं कोकणात शब्बाथ पाळलेल्या माणसाला लग्नाच्या नोंदणीच्या टेबलावर विचारायचं, तू खरा ज्यू कशावरून? लोक रस्त्यावर उतरले. 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की हे सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत. ही लढाई मराठी बोलणाऱ्या माणसांनी लढली. आपल्याकडे किती जणांना ती ठाऊक आहे?

राहिलं ‘संपले’. 2011 च्या जनगणनेत देशात साधारण साडेचार हजार ज्यू नोंदले गेले, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. जनगणनेत त्यांना स्वतंत्र रकाना नाही. ‘इतर धर्म व पंथ’ यांच्या परिशिष्टात ते सापडतात, म्हणून वरवर बघणाऱ्याला दिसत नाहीत. 2016 मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. आणि जे गेले ते दिमोना, अश्दोद, लोद, रामला इथे आहेत. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघालं. नातवंडं हिब्रूत बोलतात, हे खरंय, आणि त्याचं दुःखही आहे. पण नवस फेडायला एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा अजूनही होतो : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, भोवती फळं. इकडे ठाण्यात, 1879 साली बांधलेल्या सिनेगॉगमध्ये, आजही शब्बाथची प्रार्थना होते.