“बसतंय” म्हणजे नक्की काय बसतंय?

चाक फिरत नाहीये! मोठ्या ब्रेकचं किट आणलं. नवी डिस्क, नवा कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटीत धरतो तो भाग), नवे पॅड, सगळं लावून झालं. चाक चढवलं, नट आवळले, हाताने फिरवायला गेलो तर खर्रकन आवाज आला आणि जागच्या जागी अडकलं. कॅलिपरचा खांदा रिमला आतून टेकतोय. नखाएवढी जागा कमी पडतेय. रिमच्या आत बोटभर लांब चकचकीत चरा उठलाय.

विकणाऱ्याला तीनदा विचारलं होतं, गाडी जुनी आहे, रिम 13 इंची आहे, बसेल का? तिन्ही वेळा एकच उत्तर, “बिनधास्त घ्या, बसतंय.” अरे, भोकं जुळली म्हणजे बसलं का? 13 इंच म्हणजे 330 मिलिमीटर, तेही टायर बसतो तिथलं माप. आतली पोकळी त्याहून कमी. त्यात 256 मिलिमीटरची डिस्क, वर कॅलिपरचं धूड. माप घेऊन सांगायला काय जात होतं? आता म्हणतो, 14 इंची रिम टाका. म्हणजे टायरही नवे! नाहीतर म्हणे स्पेसर, म्हणजे चाकामागे जाड चकती, लावा. चाक बाहेर ढकलायचं, नट कमी आट्यांवर धरणार, आणि हे सगळं गाडी नीट थांबावी म्हणून?

कॅलिपरमधला पिस्टन मोठा आला की तेल जास्त लागतं, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ते तेल ढकलणारा) जुनाच ठेवला तर पेडल खोल जातं, हेही कोणी सांगत नाही. मागच्या मेकॅनिकने तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना साधं ग्रीस फासलं होतं. रबर फुगलं, पिना अडकल्या, एकच पॅड झिजून पत्रा उघडा पडला. ब्रेक ऑइल बदला म्हटलं तर म्हणे, “काळं कुठे झालंय?” रंगाचा काय संबंध? ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 प्रकारचं ऑइल ताजं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की हाच आकडा 155 वर येऊ शकतो. उतारावर पेडल जमिनीला टेकल्यावर रंग बघायचा का? आणि गंजलेल्या कॅलिपरला लाल रंग मारून “ब्रेक अपग्रेड केले” म्हणणाऱ्यांचा तर मला मनस्वी संताप येतो.

गाडी अजून स्टँडवर आहे. जुने कॅलिपर साफ करून परत लावतोय, मूळ मापाच्या नव्या डिस्क, चांगले पॅड, ऑइलचे नवे होज (नळ्या), ताजं ऑइल. किट उद्या परत जाणार. चऱ्याचा फोटो काढून ठेवलाय.