लॉस्टफोकस आधी की व्हॅलिडेटिंग? माझ्याच मेसेजबद्दल खुलासा

मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की विनफॉर्म्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधली विंडोज ॲप बनवायची सोय) टेक्स्टबॉक्समधून बाहेर पडलं की लॉस्टफोकस हा इव्हेंट (फोकस, म्हणजे कर्सर, बॉक्समधून गेल्याची सूचना) कायम व्हॅलिडेटिंगच्या (भरलेली माहिती तपासायच्या इव्हेंटच्या) आधी येतो, म्हणून माहितीचं चेकिंग लॉस्टफोकसमध्येच करा. तो मेसेज बराच फिरतोय आणि तो अर्धाच बरोबर आहे, चूक माझी.

झालं असं की मी टेस्ट करताना फक्त माऊसने क्लिक करत होतो. माऊसने किंवा कोडमधून फोकस() कॉल करून (म्हणजे फोकस दुसरीकडे नेऊन) बाहेर पडलात तर लॉस्टफोकस, लीव्ह (बॉक्स सोडल्याचा इव्हेंट), व्हॅलिडेटिंग, व्हॅलिडेटेड (तपासणी झाल्याचा इव्हेंट) असाच क्रम येतो. पण टॅब दाबलात की लीव्ह, व्हॅलिडेटिंग, व्हॅलिडेटेड आणि लॉस्टफोकस सगळ्यात शेवटी! काल पिनकोडच्या बॉक्सवर प्रत्येक इव्हेंटमध्ये एकेक डीबग लाईन (इव्हेंट आला की त्याचं नाव दाखवणारी ओळ) टाकून दोन्ही प्रकारे बघितलं, आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हेच दिलंय (आधी वाचलं असतं तर हा मेसेज लिहावाच लागला नसता).

त्यामुळे चेकिंग व्हॅलिडेटिंगमध्येच करा, चुकलं तर ई.कॅन्सल (त्या इव्हेंटमधली, बाहेर पडणं रोखणारी सेटिंग) ट्रू करा, फोकस तिथेच थांबतो. लॉस्टफोकसमध्ये परत फोकस() मारू नका, ॲप हँग होऊ शकतं. आणि रद्द करायच्या बटणाचं कॉझेसव्हॅलिडेशन (ते बटण दाबल्यावर तपासणी व्हावी की नाही ते ठरवणारी सेटिंग) फॉल्स ठेवा, नाहीतर बिचारा युजर चुकीच्या पिनकोडवरच अडकून बसतो, ते बटणसुद्धा त्याला दाबता येत नाही.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा द्या.