रसेल आज टिकला नसता? त्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार वेळा आला. दोनदा कोर्टवर येणाऱ्या पोरांकडून, एकदा मंगळवार पेठेतल्या फुटबॉलवेड्या मित्राकडून आणि एकदा चुलतभावाकडून. ‘बास्केटबॉलमधला सर्वांत श्रेष्ठ कोण, वाद मिटला’ असं वर लिहिलेलं. खाली मुद्दे असे: १९८० च्या आधीचे खेळाडू आजच्या एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) टिकले नसते, कारण ते प्लंबर आणि फायरमन यांच्याविरुद्ध खेळायचे. बिल रसेलची ११ विजेतेपदं आठ संघांच्या लीगमधली, ती धरायचीच नाहीत. विल्ट चेंबरलेनचे एका सामन्यातले १०० गुण बुटक्यांसमोरचे. आकडे खोटं बोलत नाहीत, यादी आकड्यांवरूनच लावा. आणि शेवटी, मायकेल जॉर्डन फायनलमध्ये ६-० (सहा जिंकल्या, एकही हरला नाही), लेब्रॉन जेम्स ४-६, विषय संपला.

मी संध्याकाळी पोरांना बास्केटबॉल शिकवतो. हा मेसेज वाचून त्यातला चौदा वर्षांचा एक जण मला म्हणाला, “सर, मग रसेलचे व्हिडिओ बघायचे कशाला?” नुसता वाद असता तर मी गप्प बसलो असतो. पण पोरगं शिकायचंच थांबणार असेल, तर एकेका मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवं.

प्लंबर-फायरमनचं आधी बघू. हे वाक्य पसरलं २०२२ मध्ये. माजी खेळाडू जे. जे. रेडिक टीव्हीवरच्या चर्चेत पन्नासच्या दशकातल्या बॉब कूझीबद्दल तसं बोलला होता. त्या काळातले बरेच खेळाडू हंगाम संपल्यावर दुसरी कामं करत, हे खरं आहे. पण ती करत, कारण पगार तुटपुंजे होते. याच कूझीने १९५४ मध्ये खेळाडूंची संघटना उभी केली. १९६४ च्या ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या) सामन्याआधी खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये अडून बसले, पेन्शनचा शब्द मिळाल्यावरच कोर्टवर उतरले. आजच्या खेळाडूंच्या पगाराचा पाया तिथे घातला गेला. पोटासाठी दुसरं काम करावं लागलं म्हणून माणसाचा खेळ हलका ठरत नाही. हे कोल्हापुरात तरी कुणाला सांगावं लागू नये. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ब्राँझ जिंकून आल्यावर खाशाबा पुढे पोलिसात नोकरीला लागले. त्या पदकाचं वजन त्यामुळे एका गुंजेनेही कमी होतं का?

खाशाबांचं नाव निघालंच आहे, तर ‘आज टिकला नसता’ याचंही उत्तर त्यांच्याच गोष्टीत आहे. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले. आयुष्य तांबड्या मातीत घुमलेला पैलवान, तिथे मॅटवर उतरला. मॅटची सवय नाही, आंतरराष्ट्रीय नियम नवे. चार वर्षं त्या नियमांची तयारी केली आणि हेलसिंकीत पदक घेतलं. माणूस तोच, अंगातली ताकद आणि डोकं तेच, बदलली फक्त तयारी. रसेलला १९६० च्या कॅनव्हासच्या बुटांसकट उचलून आजच्या कोर्टवर टाकायचं आणि ‘बघा, जमत नाही’ म्हणायचं, हा न्याय नाही. त्याला आजचा आहार द्या, आजचे बूट द्या, आजचे प्रशिक्षक द्या, मग बोला. सहा फूट दहा इंचाचा हा गडी कॉलेजच्या दिवसांत उंच उडीत दोन मीटरच्या वर जायचा. असं शरीर आजही कुठलाही संघ आनंदाने घेईल.

आणि हा मुद्दा नुसत्या तर्कावर सोडायची गरज नाही, कारण पिढ्या एकमेकींना प्रत्यक्ष भिडलेल्या आहेत. करीम अब्दुल-जब्बार १९६९ मध्ये लीगमध्ये आला तेव्हा समोर विल्ट होता. १९८९ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच लीगमध्ये जॉर्डन आणि ओलाजुवान होते. १९८५ च्या फायनलमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला तो करीम, वय ३८. त्याआधी १९७२ च्या फायनलमध्ये सर्वोत्तम ठरला होता विल्ट, वय ३५, म्हणजे करीम ऐन भरात असतानाच्या लीगमध्ये. विल्ट करीमशी खेळला, करीम ओलाजुवानशी, ओलाजुवान शाकील ओनील आणि डंकनशी, आणि ते दोघे लेब्रॉनशी. आखाड्यात वस्ताद आणि पठ्ठ्यांची साखळी असते तशीच ही साखळी. यातल्या कुठल्या कडीपाशी ‘प्लंबर’ संपले आणि ‘खरे खेळाडू’ सुरू झाले, ते मेसेज लिहिणाऱ्याने दाखवावं.

आठ संघांचा मुद्दा अर्धवट खरा आहे आणि म्हणून जास्त फसवा. १९५७ ला रसेल पहिल्यांदा जिंकला तेव्हा आठच संघ होते. पण लीग वाढत गेली. १९६८ ला बारा आणि १९६९ ला चौदा संघ होते, आणि ती दोन्ही विजेतेपदं रसेलनेच घेतली, तीही स्वतः खेळत आणि स्वतःच प्रशिक्षक असताना. संघ कमी असले की जिंकणं सोपं, हेही उलटंच आहे. आठ संघ म्हणजे शंभराच्या आसपास खेळाडू, कच्च्या खेळाडूला जागाच नाही. रसेल आणि विल्ट एकमेकांसमोर १४० हून जास्त वेळा उभे राहिले. आज दोन मोठे खेळाडू हंगामात दोन-चारदा भेटतात. सात सामन्यांची मालिका शेवटच्या सामन्यापर्यंत ताणली, अशी वेळ रसेलवर दहा वेळा आली आणि दहाही वेळा तो जिंकला.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. तेव्हा प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद) फेऱ्या कमी होत्या. कृष्णवर्णीय खेळाडूंना लीगचं दार १९५० मध्ये कुठे उघडलं होतं. परदेशातून तर जवळजवळ कुणीच येत नव्हतं, आणि आज योकिच सर्बियाचा, यानिस ग्रीसचा, एम्बीड कॅमेरूनचा. त्यामुळे रसेलची ११ आणि जॉर्डनची ६ तराजूच्या दोन पारड्यांत सरळ टाकता येत नाहीत. ११ ची किंमत थोडी उतरवून मोजा, माझी तक्रार नाही. तक्रार ‘धरायचीच नाहीत’ याला आहे.

विल्टच्या शंभर गुणांचं थोडक्यात. २ मार्च १९६२, हर्शी गाव, न्यूयॉर्क निक्सविरुद्ध. त्या रात्री त्याला अडवायला असलेला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा) डॅरल इमहॉफ सहा फूट दहा इंचांचा होता. याला बुटका कोण म्हणतं? निक्स दुबळा संघ होता आणि शेवटी विल्टचे सहकारी मुद्दाम त्यालाच चेंडू देत होते, हेही खरं. पण एक रात्र सोडा, त्या अख्ख्या हंगामात त्याची सरासरी ५०.४ होती. १९६४ मध्ये लीगने बास्केटखालचा तीन सेकंदांचा पट्टा (हल्ला करणाऱ्याला ज्यात त्याहून जास्त थांबता येत नाही) १२ फुटांवरून १६ फूट केला, तो विल्टला बास्केटपासून लांब ठेवायला. त्याआधी १९५१ मध्ये जॉर्ज मायकनमुळे तोच पट्टा ६ वरून १२ झाला होता. एखाद्या खेळाडूसाठी कोर्टवरच्या रेघा पुसून नव्याने आखाव्या लागतात, याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. माझ्या लेखी श्रेष्ठत्वाची पहिली कसोटी हीच: त्याच्या काळाला त्याच्यामुळे किती बदलावं लागलं.

आता ‘आकडे खोटं बोलत नाहीत’. आकडे खोटं बोलत नसतील, पण गप्प नक्की बसतात. ब्लॉक (बास्केटकडे जाणारा चेंडू अडवणं) आणि स्टील (चेंडू हिसकावणं) यांची नोंद लीगने १९७३-७४ पासून ठेवली. म्हणजे ज्याने बचावावर लीग गाजवली, त्या रसेलच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही. उलट बाजूही बघा. १९६१-६२ मध्ये प्रत्येक संघ सामन्यात शंभराहून जास्त वेळा बास्केटवर चेंडू टाकायचा, आज नव्वदच्या आतबाहेर. जास्त प्रयत्न, जास्त हुकलेले चेंडू, म्हणून जास्त रिबाउंड. त्याच हंगामात ऑस्कर रॉबर्टसनने ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) अशी सरासरी ठेवली. ती थोर आहेच, पण आजच्या वेगात मोजली तर थोडी खाली येईल. थ्री-पॉइंटची रेघ (तिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण) १९७९-८० मध्ये आली. त्या हंगामात एक संघ सामन्याला तीनसुद्धा थ्री टाकत नव्हता, आज पस्तीसच्या आसपास टाकतो. रेघच नव्हती त्या काळात जेरी वेस्ट लांबून टाकायचा आणि त्याला दोनच गुण मिळायचे. मातीतल्या कुस्तीचे गुण मॅटच्या गुणफलकावर शोधायचे नसतात.

राहिलं ६-०. मी स्वतः जॉर्डनला पहिला मानतो, तरी हे कारण मला पटत नाही. १९८५, ८६, ८७ असा सलग तीन वर्षं तो पहिल्याच फेरीत हरला. या हिशोबात त्या पराभवांना शून्य दंड, आणि लेब्रॉन २०१८ ला फायनलपर्यंत पोचून हरला तर तो डाग! लवकर हरणं उशिरा हरण्यापेक्षा बरं कसं? आणि फायनलचा हिशोबच खरा मानायचा तर रसेलचा सहकारी जॉन हॅव्हलिचेक ८-०, रसेल ११-१. मेसेजवाल्याच्या मापाने हे दोघे पुढे जातात, म्हणून त्याने आधीच १९८० च्या मागचे सगळे बाहेर काढले. लेब्रॉनचं २०१६ घ्या. समोर हंगामात ७३ सामने जिंकलेला गोल्डन स्टेट, मालिकेत आपण १-३ ने मागे, आणि तिथून विजेतेपद. ‘४-६’ या दोन आकड्यांत ते कुठे दिसतं?

माझी यादी विचारलीत तर जॉर्डन, रसेल, करीम, लेब्रॉन, विल्ट. दोन ते चार यांच्यात कुणी अदलाबदल केली तर मी भांडणार नाही. पाचही जण यादीतच हवेत, यावर भांडेन.

त्या पोराला मी रसेलचा एक जुना सामना लावून दिला. म्हटलं, गुण बघू नकोस, हात बघ. ब्लॉक केलेला चेंडू तो प्रेक्षकांत भिरकावत नाही. बोटांनी थोपवून आत ठेवतो, आपल्याच गड्याकडे वळवतो आणि तिथूनच फास्ट ब्रेक (झटपट प्रतिहल्ला) सुटतो. पोराने तो तुकडा तीनदा मागे नेऊन बघितला. दुसऱ्या दिवशी सरावाला त्याने पहिला ब्लॉक केला तेव्हा चेंडू रेघेच्या आतच राहिला.